निर्दोष हातांचे कर्तव्य



शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या मनुष्याइतका परस्वाधीन दुसरा कोण असेल? भूल दिल्यावर त्याच्या शिरेत एकामागून एक औषधे सोडली जातात. ती सारी त्याच्या हिताकरिताच असतात. तथापि क्वचित त्यांपैकीच एखादे त्याच्या शरीरास सोसत नाही. रक्तदाब एकाएकी कोसळतो, श्वासनलिका आवळतात आणि काही मिनिटांत प्राण कंठाशी येतात. अशा तीव्र ॲलर्जीस ‘ॲनॅफिलॅक्सिस’ म्हणतात.

ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, भूल दिलेल्या सुमारे १०,००० रुग्णांमागे एकावर हा प्रसंग ओढवतो. तपासलेल्या २६६ प्रसंगांत १० रुग्ण दगावले. कारणांत जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेली प्रतिजैविके सर्वांत पुढे होती. त्याखालोखाल स्नायू शिथिल करणारी औषधे.

आता प्रश्न असा की, ज्या डॉक्टरने योग्य औषध योग्य मात्रेत दिले, त्यास दोषी कसे म्हणावे? बहुधा पूर्वसूचना काहीच नसते. मग ॲड्रेनॅलिन देऊन त्याने रुग्णास वाचविले, म्हणजे त्याचे कर्तव्य संपले काय?

मला तसे वाटत नाही. रुग्ण निद्रेत होता. आपल्यावर काय गुदरले हे त्यास ठाऊकच नाही. बोभाटा होईल, नातलग संतापतील, या भयाने डॉक्टर गप्प राहिला, तर उद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरच्या हातून तेच औषध पुन्हा दिले जाईल. तोवर जो केवळ अपघात होता, तो या मौनामुळे अपराध ठरेल. म्हणून घडले ते स्पष्ट सांगावे, काही आठवड्यांनी तपासणी करवून नेमके औषध शोधावे आणि त्याची लेखी चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी.

परंतु सत्याचे हे ओझे एकट्या डॉक्टरवर नाही. आपणही साधी मळमळ झाली तरी ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असे सांगून मोकळे होतो. अशी नोंद असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांस चाचणीअंती ती ॲलर्जी नसल्याचे आढळते. मग पेनिसिलिनऐवजी दुसरे औषध दिले जाते. आणि वरील पाहणीत, असे पर्यायी म्हणून दिले जाणारे टायकोप्लॅनिनच अधिक धोक्याचे ठरले. सैल बोलण्याचीही किंमत अशी द्यावी लागते.

वाचकहो, आपल्या घरात कोणास कोणते औषध सोसले नाही, तेव्हा नेमके काय झाले, हे आजच लिहून ठेवाल काय? जेथे दोष नाही तेथे क्षमा मागण्याचे कारण नाही. सत्य सांगण्याचे कारण मात्र उरतेच.