सही केलीत, प्रश्न का नाही विचारलात?

माझ्या हाताखाली शिकलात, म्हणून तोंडावर सांगतो. वाईट वाटलं तर वाटू दे.

परवा 1 मेची ग्रामसभा झाली. हजेरीच्या वहीत तुम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत, मी स्वतः पाहिल्या. सही ठोकली की निम्मे टपरीवर, निम्मे मोबाइलमध्ये. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी मागचं इतिवृत्त एका दमात वाचलं, "कायम करायचं का?" म्हणाले, मागून कुणीतरी "मंजूर, मंजूर" ओरडलं आणि सभा आटोपली. संध्याकाळी पारावर मात्र तीच तोंडं वाजत होती: टाकी बांधली, नळाला थेंब नाही, पैसे खाल्ले! अरे, सरपंच चार हातांवर बसला होता तेव्हा दातखीळ बसली होती का?

भावकीत वाईटपणा नको, हे कारण मला सांगू नका. पैसा गावाचा आहे, त्याचा हिशेब मागायला भावकी आडवी येते कशी? रुसून घरी बसणाऱ्यांनीही कान उघडे ठेवून ऐका. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातले जे कमी ते लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग पाच-दहा जण बसून तेच विषय मंजूर करून मोकळे होतात. तुमचा बहिष्कार त्यांच्या पथ्यावरच पडतो.

महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, हा कायदा आहे. डोक्यावर हंडे त्या वाहतात आणि सभेला निघाल्या की "तू तिथं जाऊन काय करणार?" म्हणून अडवता तुम्हीच. लाज वाटली पाहिजे.

आणि बोललात तरी काय बोलता? शिव्या देता. शिवीचं उत्तर कुणाला द्यावं लागत नाही, प्रश्नाचं द्यावं लागतं. टाकीला किती रक्कम मंजूर झाली? बिल किती निघालं, कोणत्या तारखेला? मोजमाप पुस्तिकेत नोंद काय आहे? एका वेळी एकच विचारा. "बघू, करू" असं उत्तर आलं तर खाली बसू नका. "माझा प्रश्न आणि तुमचं उत्तर इतिवृत्तात लिहा आणि आत्ता वाचून दाखवा," म्हणा. तरीही टाळलं, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. 2005 चा केंद्राचा कायदा येण्याआधीच महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, आणि त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. तुम्हाला तर नुसतं उभं राहून विचारायचंय.

15 ऑगस्टच्या सभेआधी प्रत्येकानं एक प्रश्न कागदावर लिहून माझ्याकडे आणा. कोरा कागद घेऊन कुणी माझ्या दारात येऊ नका.