पक्ष्यांतले बागायती आणि कोरडवाहू

शेणखताच्या ढिगात हात घातला की आतली धग लागते, हे यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ओला काडीकचरा कुजतो, जिवाणू कामाला लागतात, ढीग तापतो. याच धगीवर अंडी उबवणारे पक्षी जगात आहेत. अंड्यांवर ते स्वतः कधीच बसत नाहीत. भारतात असा एकच, निकोबारच्या बेटांवर. त्याचे समुद्रकाठचे कित्येक ढिगारे 2004च्या त्सुनामीत वाहून गेले. पण विचारात पाडतात ते ऑस्ट्रेलियातले दोन चुलतभाऊ.

ब्रश टर्की हा पूर्वेकडच्या ओल्या जंगलांतला. त्याचा नर पायांनी पाला मागे फेकत चार मीटर रुंदीचा, काही टनांचा ढीग घालतो. रानात ओल असतेच, त्यामुळे कुजणं आपसूक चालतं. थोडा पाला चढव, थोडा उतरव, एवढ्यावर आतलं तापमान 33-34 अंशांच्या आसपास राहतं. बऱ्याच माद्या त्याच्या ढिगात अंडी घालून जातात. थोडक्यात, बागायतदार.

मॅलीफाउल दक्षिणेच्या कोरड्या झुडपी रानातला. तो हिवाळ्यात खड्डा करून पाला भरतो, पावसाने तो भिजला की वर वाळू ओढतो. वसंतात कुजणाऱ्या पाल्याची धग पुरते. उन्हाळ्यात ऊन जास्त होतं, म्हणून वाळूचा थर वाढवायचा. शरदात पाला थंडावलेला आणि ऊनही उतरलेलं; मग दिवसा ढीग उघडायचा, वाळू तापवायची, ऊन कलायच्या आत पुन्हा झाकायची. वर्षातले जवळजवळ अकरा महिने हेच. मध्येच चोच वाळूत खुपसून तो उष्णता जोखतो. 1950च्या दशकात फ्रिथ या संशोधकाने एका ढिगात विजेचे हीटर पुरून त्याची परीक्षा पाहिली. पक्ष्याने वाळू कमी-जास्त करून तापमान सांभाळलंच!

इथे ‘केवढं हे पितृप्रेम’ म्हणायचा मोह होतो. पण पिल्लू बाहेर येतं ते एकटंच, वाळू उकरत. बाप त्याला ओळखत नाही, भरवत नाही. ब्रश टर्कीच्या घरीही तीच रीत. म्हणजे मॅलीफाउल जास्त मायाळू नाही, त्याच्या रानात ओल कमी आहे. भावाला पाऊस जे फुकट देतो, ते त्याला राबून भरून काढावं लागतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांनी हा पक्षी जरूर पाहावा. कष्टाचं कौतुक केलं की पाणी का नाही, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या सागवानी जंगलात असा पक्षी नाही. आपल्याकडे मॅलीफाउलच्या रानाहून पाऊस कितीतरी जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो. फेब्रुवारीपासून पाला पडतो तो वाळलेला, कुजण्याऐवजी वणव्याला सोयीचा. शिवाय रानमांजर, कोल्हा, मुंगूस यांची नजर चुकवून इतका मोठा ढीग महिनोन् महिने राखणं कठीणच.

दोघा भावांचं पुढे काय झालं? ब्रश टर्की आज ब्रिस्बेनच्या परसबागांतून पाला ओढून नेतो आणि लोक वैतागतात. त्याचं बरं चाललं आहे. अकरा महिने राबणाऱ्या मॅलीफाउलचं रान गव्हाच्या शेतीसाठी तोडलं गेलं, बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांनी पिल्लं आणि अंडी खाल्ली. संकटग्रस्तांच्या यादीत नाव आहे ते त्याचं.