देह हाही गुरूच



भाविकहो, अवधूतांनी यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपण दर दत्तजयंतीला ऐकतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी. पण चोवीस संपल्यावर अवधूत आणखी एक गोष्ट सांगतात. तिकडे आपलं लक्ष नसतं, तोवर सुंठवड्याची ताटं फिरायला लागलेली असतात! ते म्हणतात, हा माझा देहही माझा गुरूच आहे.

गुरू म्हटला की त्याचं ऐकणं आलं. चाळिशी-पन्नाशीतला पुरुष मात्र या गुरूचं ऐकत नाही. जिना चढताना धाप लागली की म्हणतो, वय झालं. रात्री चारदा उठावं लागलं की म्हणतो, पाणी जास्त झालं. रक्तदाब तर बहुधा बोलतच नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्या केमचं कुंकू लांबलांब जातं. पण घरची माउली देवापुढं ते कपाळाला लावताना काय मागते, ते घरधन्याच्या कानावर कधी जात नाही.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. अंगावर कुष्ठ, गणगोतानं टाकलेला. श्रीगुरूंच्या पायाशी आला. महाराजांच्या मनात असतं तर नुसत्या दृष्टीनं बरा केला असता. पण त्यांनी हातात काय दिलं? औदुंबराचं वाळलेलं लाकूड! म्हणाले, संगमावर रोव आणि दिवसातून तीन वेळा पाणी घाल. लोक हसले, म्हणाले हे लाकूड कधी फुटायचं? तो पाणी वाहत राहिला. कमंडलूतलं पाणी महाराजांनी शिंपडलं ते नंतर. आधी घागरी वाहिल्या नरहरीनं. कृपा खरीच, पण ती वाहत्या हातांवर उतरली. मला या अध्यायात चमत्कारापेक्षा त्या घागरींचं मोल जास्त वाटतं.

आपलं वाळलेलं लाकूड म्हणजे हे शरीर. त्याला पाणी म्हणजे रोजचं चालणं. डॉक्टर आठवड्याला 150 मिनिटं सांगतात, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. उत्तरेश्वराच्या देवळापर्यंत फटफटीवर जाऊन प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा ताकदीचं काम हवं; बैठका काढा, नाहीतर विहिरीवरच्या बादल्या उचला. आणि धोतराची गाठ कुठं येते ते बघा. पुरुषाचं पोट 90 सेंटिमीटरच्या पुढं गेलं, तर साखर आणि दाब तपासून घ्यावाच.

आता जिभेचं. गुरुवारचा उपवास धरायचा आणि साबुदाण्याच्या दोन थाळ्या हाणायच्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, मधुमेहाला आयतं आमंत्रण. पारायणाचे सात दिवस हविष्यान्न आणि आठव्या दिवशी भजी! कनवटीची तंबाखू तर सप्ताहातही सुटत नाही. अवधूतांनी माशालाही गुरू केलं, ते कशासाठी? गळाला लागतो तो जिभेपायीच.

एक कळकळीची विनंती. महाराजांवर भार टाकला म्हणून काही जण गोळ्या बंद करतात. मंडळी, असं करू नका. पोटशूळानं गांजून नदीत जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी थांबवलं, ते रोगावर औषध आहे असं सांगूनच. तेव्हा विभूती लावा आणि गोळीही घ्या. साखरेची गोळी चालू असेल, तर निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

आपल्या उजनीची भीमा पुढं गाणगापूरला अमरजेला भेटते. देवळापासून तो संगम तीनेक किलोमीटर. पूर्वीची माणसं पायी जायची, आता रिक्षा उभ्याच असतात. पुढच्या वारीला केमहून गाडीत बसू, तेव्हा संगमापर्यंत रिक्षा करायची नाही, एवढं ठरवू. ज्यांचे गुडघे खरंच दुखतात त्यांनी खुशाल बसावं. त्यांची पिशवी आपण घेऊ.