चार डोळ्यांची माशी

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील थंड, दमट अरण्यांत ‘पेरिसोमा’ ही इवलीशी, नाजूक माशी आढळते. तिचा प्रत्येक नेत्र वर-खाली विभागलेला. म्हणून जणू चार डोळे. १९६२ साली डोनाल्ड कोलेस यांनी तिला हे नाव दिले. तिची एक जात दूर चिलीतही आहे.

तिच्याविषयी वाचताना ‘हिचा उपयोग काय?’ हाच प्रश्न आमच्या मनात प्रथम आला आणि आम्ही ओशाळलो. निनावी होती तेव्हा ती निरर्थक होती काय? उपयोग हेच मूल्याचे माप मानले, तर घरात अंथरुणास खिळलेल्या वृद्धांनाही उद्या आम्ही तोच प्रश्न विचारू. ज्याची आपल्याला गरज नाही, त्याच्याही अस्तित्वाचा मान राखण्यातच नीतीची खरी कसोटी आहे.