मधली वर्षं कुठं होतास?

पैठणच्या खुल्या कारागृहात शिक्षा भोगणारा कैदी शेतात राबतो. हातात विळा असतो आणि तो पळणार नाही, या भरवशावर सरकार त्याला तिथं ठेवतं. तोच माणूस शिक्षा संपवून वाळूजच्या कंपनीच्या गेटवर आला, की पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आडवा येतो. शिक्षा चालू असताना भरवसा आणि संपल्यावर संशय, हे आपल्याला खटकतही नाही.

सुटून आलेल्यांना नोकरीसाठी तयार करायचं म्हटलं, की सगळे शिवणयंत्रं आणि सुतारकामाची हत्यारं गोळा करतात. हुन्नर लागतंच, पण माणूस अडतो तो ‘मधली वर्षं कुठं होतास?’ या प्रश्नाशी. कुणी बांधावरच्या भांडणापासून वकिलाच्या फीपर्यंत सगळी केस सांगत बसतो, कुणी ‘सुरतेला होतो’ म्हणून मोकळा होतो. दोघंही काम घालवतात. काय घडलं, शिक्षा कधी संपली, आज मला काय येतं, एवढंच तीन वाक्यांत सांगता यायला हवं. ते एकट्याला शिकवून येत नाही, त्यासाठी सुटून आलेल्यांचा गट लागतो. एकानं सुपरवायझर होऊन प्रश्न विचारावा, एकानं उत्तर द्यावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. जे स्वतः आत राहून आलेत, त्यांना थाप लगेच कळते.

मात्र ‘खरं सांग, काम होईल’ असं गट चालवणाऱ्यानं म्हणू नये. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं माहिती खरीच द्यायला सांगितलं. पण खरं सांगितल्यावरही उमेदवाराची पूर्वपीठिका तपासायची मुभा मालकाला ठेवली. वॉचमनची नोकरी अनेकांना सोपी वाटते. तिथंही 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्यानं चारित्र्याची तपासणी आहेच. कुठली दारं बंद आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगावं.

आणि सगळ्यांना एका रांगेत बसवू नये. 2022 अखेर देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू असलेले. यातला जो निर्दोष सुटतो, त्यानं ‘शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर ते खरंच असतं. अटकेबद्दलचा रकाना मात्र वेगळा वाचावा लागतो. परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, सुटलेल्याला 1958 च्या परिविक्षा कायद्याचं कलम 12 दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून वाचवतं. इस्त्रीचा शर्ट आणि हस्तांदोलन यांच्या धड्यापेक्षा हे एक कलम जास्त कामाचं.

ब्रिटननं 1974 सालीच कायदा करून, ठरावीक काळ उलटल्यावर अनेक शिक्षा बहुतेक नोकऱ्यांत सांगण्याची गरज संपवली. आपल्याकडे औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रिडमन यांची कल्पना, राजांचा पाठिंबा. कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. त्यावरून सुचलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आपण डोक्यावर घेतला; सुटका झाल्यानंतरच्या माणसाची गोष्ट मात्र कुणी फारशी विचारली नाही.

एक जण मात्र काहीच विचारत नाही: लेबर ठेकेदार. त्याच्या या न विचारण्याची किंमत असते. रोज कमी, पीएफचा पत्ता नाही; कारण हा माणूस तक्रार घेऊन कुठं जाणार नाही, हे तो ओळखून असतो. म्हणून हजेरी कशी नोंदवून घ्यायची, पगाराची पावती आणि पीएफ क्रमांक कसा मागायचा, हेही त्याच गटात शिकवलं पाहिजे, आणि पहिला पगार हातात पडल्यावरही गट चालू राहिला पाहिजे.