डेस्कवरून आलं म्हणू नका

"मॅडम, डेस्कवरून आलं ते आम्ही चालवलं." हे उत्तर मी आता आणखी ऐकून घेणार नाही. डेस्कवर कोण बसतं? तुमच्यातलेच चौघे बसतात, माझ्याच वर्गातून गेलेले. बातमीला नाव तुमचं, पगार तुमचा, पुरस्कार घ्यायला मंचावर तुम्ही. आणि चूक झाली की ती डेस्कची? वर्गात असताना गृहपाठ भावाने लिहिला असं सांगून तुमच्यापैकी कोणी सुटला नव्हता. इथे तर लोकांच्या मरणाचा प्रश्न आहे.

२९ सप्टेंबर २०१७ चंच उदाहरण घेते, कारण तुमच्यातले बरेच जण त्या दिवशी कामावर होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. साडेदहाच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानकं जोडणारा अरुंद पादचारी पूल. भिजू नये म्हणून जिन्यावर थांबलेली माणसं, आणि एकामागून एक येणाऱ्या गाड्यांतून उतरून त्याच जिन्याकडे येणारी माणसं. २३ जण चेंगरून मेले. कामावर निघालेली माणसं होती ती, डबा घेऊन घराबाहेर पडलेली.

आणि तुम्ही काय दाखवलंत? एका मरणासन्न बाईशी कोणी माणूस लगट करतोय, अशी एक चित्रफीत. काही सेकंदांची. माणुसकी मेली, मुंबई मेली, असे मथळे चढले. नंतर रेल्वे पोलिसांनी सांगितलं की तो माणूस तिला माणसांच्या ढिगाऱ्यातून ओढून काढायला बघत होता. शेकडो लोक भोवती असताना ज्याने हात पुढे केला, त्याला तुम्ही देशभर नराधम ठरवलंत. त्या चित्रफितीची पूर्ण लांबी बघायला किती वेळ लागला असता? मथळा जितक्या आकारात आला होता तितक्या आकारात खुलासा कोणी छापला? ज्यांनी छापला त्यांना मी मान देते. बाकीच्यांनी मान खाली घालावी.

दुसऱ्या दिवशी केईएम रुग्णालयाची पाळी आली. मृतांच्या कपाळावर आकडे लिहून त्यांची छायाचित्रं फलकावर लावली होती. नातेवाइकांना एकेक मृतदेह उघडून बघावा लागू नये, ओळख लवकर पटावी, म्हणून हे केलं असं रुग्णालयाने सांगितलं. ही पद्धत तुम्हाला पटो न पटो, त्यावर वाद घाला. माझाही त्यावर आक्षेप असू शकतो. पण तुम्ही कारण विचारण्याआधी ते फोटो फिरवलेत, आणि मग राजकीय कार्यकर्ते न्यायवैद्यक विभागप्रमुखांच्या कार्यालयात घुसले आणि त्यांच्याच कपाळावर आकडा लिहून आले. ज्या विभागाला ती शवविच्छेदनं करायची होती, त्याच्या प्रमुखाचा हा सत्कार! तुमचे कॅमेरे तिथेही होतेच.

मग फुलवाला सापडला. कोणाच्या तरी डोक्यावरची फुलं पडली, 'फूल पडलं' हे ओरडणं 'पूल पडला' असं ऐकू आलं, अशी एक हकिकत पुढे आली. एखाद्या जखमीला तसं आठवत असेल, ते नोंदवणं योग्यच आहे. पण त्यातून फेरीवाला हा अख्खा वर्गच आरोपी झाला. ५ ऑक्टोबरला मोर्चा निघाला, रेल्वेला पंधरा दिवसांची मुदत दिली गेली, आणि मुदत संपल्यावर ठाणे, कल्याणकडे स्थानकांबाहेर बसणाऱ्यांच्या गाड्या उलटवल्या गेल्या. फेरीवाल्यांनी वाट अडते हे मी नाकारत नाही. उच्च न्यायालयानेही पुढे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत त्यांना मनाई केली. पण भाजीवालीची टोपली उलटी करणारा हात तुम्ही थेट प्रक्षेपणात दाखवत होतात, तेव्हा एकाने तरी त्याला विचारलं का, की त्या जिन्याची रुंदी या बाईने ठरवली होती का?

शेवटी रेल्वेच्या चौकशीत मुसळधार पाऊस हे कारण आलं. पावसावर गुन्हा दाखल होत नाही. त्यामुळे ते कारण सगळ्यांना सोयीचं झालं, आणि तुम्ही ते निमूट छापलंत.

आता ऐका, काय विचारायला हवं होतं. परळ, लोअर परळ, प्रभादेवी हा गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. ज्युपिटर मिलच्या जागेवर, कमला मिलच्या आवारात हजारो माणसं रोज नोकरीला यायला लागली. मिलचा कामगार बहुतेक जवळच्या चाळीत राहायचा, चालत जायचा. हा नवा नोकरदार विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येतो. इमारतींना परवानगी देणाऱ्याने स्थानकाचा जिना मोजला होता का? ते मोजणं कोणत्या कार्यालयाचं काम होतं? फाइलवर सही कोणाची? प्रवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत होते. खासदारांनी रुंद पुलासाठी रेल्वेमंत्र्यांना पत्रं लिहिली होती. ती पत्रं अपघातानंतर तुम्ही धडाधड दाखवलीत. आधी का नाही? पत्रं तर तेव्हाही होती. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव बदलून प्रभादेवी करण्याचा ठराव डिसेंबर २०१६ मध्ये विधिमंडळात झाला, त्याची बातमी मात्र तुम्ही सगळ्यांनी केली होती.

आणि पूल होऊ शकत नव्हता असंही नाही. लष्कराला सांगितल्यावर २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. अपघातानंतर पाच महिनेही झाले नव्हते. जे पाच महिन्यांत झालं ते आधीच्या वर्षांत का झालं नाही, हा प्रश्न २३ माणसांच्या वतीने विचारायचा होता, आणि तो रोज विचारायचा होता. तुम्ही उद्घाटन दाखवून पुढे गेलात. १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. आधीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेल असं म्हटलं होतं. तो तपासणी अहवाल अपघाताच्या आधी मागवून वाचणारा एक बातमीदार या शहराला मिळू नये?

"सगळेच दाखवत होते" हेही मला सांगू नका. २६/११ च्या रात्री सगळेच थेट दाखवत होते, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून हॉटेलातल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल खडसावलं. न्यायालयाने सुनावलेलं ज्यांना पुरलं नाही, त्यांना मी काय सुनावणार? तरी सुनावते, कारण तुम्हाला लिहायला मी शिकवलं.

आणि जे पत्रकार नाहीत, नुसते फोनवरून पुढे पाठवणारे आहेत, त्यांनी गालात हसू नये. जिन्यावरची ती चित्रफीत वाहिनीवर येण्याआधी तुमच्या बोटांखालून गेली होती. "आला तसा पाठवला" असं खाली लिहिलं की हात धुतले जात नाहीत. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. ती अफवाही कोणीतरी आली तशीच पाठवली होती.

ज्याने त्या जिन्यावर हात पुढे केला, त्याच्यावरची ती बातमी तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर अजून तशीच असेल. ती शोधा. तिच्या वरच्या बाजूला, त्याच आकाराच्या अक्षरात, पोलिसांनी नंतर काय सांगितलं ते लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला. डेस्कची परवानगी लागली तर उठून त्या टेबलापर्यंत चालत जा आणि मागा.