सराफकट्ट्यावरचा परका

केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या आतल्या गल्लीत भट्टीमागून मराठी ऐकू येण्याची शक्यता असते, आणि तीही माणदेशी वळणाची. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, बाहेर पडलेली ही माणसं. १९७२च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. एकाने दुकान टाकलं, की भावकीतली पोरं त्याच्या हाताखाली येत, काम शिकत आणि पुढच्या गावी स्वतःची भट्टी पेटवत.

स्थलांतरितांची बाजू घेताना आपण सहसा म्हणतो, ‘इथल्यांना नको असलेली कामं ते कमी पैशात करतात.’ हे समर्थन मला अपुरं वाटतं, थोडं अपमानास्पदही. गलाईवाला स्वस्त पडतो म्हणून टिकलेला नाही.

त्याचं काम बघा. मोडीच्या दागिन्यात तांबं असतं, चांदी असते, सांधे जोडणारा डाग असतो. त्यातलं सोनं वेगळं काढायचं, तर आधी त्यात सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून सगळं मुशीत वितळवतात. शुद्ध करण्याआधी आणखी मिसळ! पण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं, तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग रस पाण्यात ओतून दाणे पाडतात, ते तेजाबात उकळतात. नाकात झोंबणारा तांबूस धूर निघतो (फुप्फुसांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही). चांदी-तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी माती उरते. टाकणखार घालून ती वितळवली, की पिवळं सोनं. विरघळलेली चांदी तांब्याचे तुकडे टाकून परत मिळवतात.

या सगळ्यात सराफाने सांगितलेला कस किती आणि खरा किती, हे गलाईवाल्याला नेमकं कळतं. घट किती धरायची, हेही त्याच्याच हातात. असं गुपित गावातल्या प्रतिस्पर्ध्याकडे किंवा त्याच्या मेहुण्याकडे कोण देईल? गलाईवाला त्या गावच्या भाऊबंदकीत नसतो, दागिने विकत नसतो. माझ्या मते त्याचं परकेपण हेच त्याचं भांडवल. बाजाराला लागणारा तटस्थ माणूस तो बाजार स्वतःच्या पोटातून निर्माण करू शकत नाही.

संशयही त्याच परकेपणाला चिकटतो. आटवलेलं सोनं कुणाचं, हे ओळखता येत नाही. त्यामुळे पकडलेल्या चोराने बोट दाखवलं, की पोलीस पहिल्यांदा भट्टीवर येतात, ही या धंद्यातली जुनी तक्रार आहे. एरवी विश्वासाने सोनं सोपवणारे सराफ अशा वेळी चौकीपर्यंत सोबत गेले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

मुंबईत परप्रांतीयांच्या नावाने बोटं मोडताना गलाईवाल्यांचा हा नकाशा आपल्यासमोर नसतो. झवेरी बाजारात नाजूक दागिने घडवणारे कितीतरी कारागीर बंगालचे आहेत. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्याचा चुलतभाऊ त्याच वेळी दुसऱ्या राज्यात ‘बाहेरचा’ असतो, आणि त्याची मुलं तिथल्या शाळेत तिथली भाषा आपल्यापेक्षा चांगली बोलत असतात.

आता टेंभू उपसा योजनेने कृष्णेचं पाणी या दुष्काळी पट्ट्यात चढवलं आहे आणि आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा आहेत. पुढची पिढी तेजाबाच्या धुरात जाईलच असं नाही, आणि जाऊ नये. मात्र परराज्यांतल्या सराफांना तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी दुष्काळी तालुक्यातला माणूस शोधावा लागेल, कारण मोड ते एकमेकांच्या हातात देणार नाहीत.